सहा अंकांची सही

व्यापारी पेढीवर सहीला मोठा मान असतो. हुंडीच्या काळात एका सहीवर मुंबईची रक्कम सुरतेत किंवा कलकत्त्यात हाती पडत असे. म्हणूनच जाणता सावकार हुंडी पुढ्यात आली की आधी ती अक्षर न् अक्षर वाचत असे आणि मगच लेखणी उचलत असे. कोऱ्या कागदावर सही करून देणारा मनुष्य कितीही सज्जन असला, तरी बाजार त्याला शहाणा म्हणत नसे. आज त्याच घराण्यांतील सुशिक्षित मंडळी दुकानातील गर्दीत, गिऱ्हाइकाशी बोलता बोलता, फोनवर आलेले सहा आकडे पलीकडच्या माणसाला सांगून टाकतात. ते आकडे म्हणजे ओटीपी. विम्याच्या व्यवहारात तो ओटीपी म्हणजे सहीच होय. सांगणाऱ्याच्या मनात मात्र आपण सही केली, हा विचारही येत नाही.

हा प्रश्न अलीकडे अधिक ठळक होण्याचे कारण साधे आहे. विमा प्रतिनिधी आता गावातच असतो असे नाही. त्याचा मुलगा दुबईत नोकरीला असतो, मुलगी न्यू जर्सीत दिलेली असते. नातवाच्या जन्माच्या निमित्ताने तो चार-सहा महिने तिकडे राहतो. पूर्वी अशा मुक्कामात त्याचा धंदा थांबत असे. आता थांबत नाही. मोबाइलमधील कंपनीचे अॅप उघडून तो तिकडूनच प्रस्ताव भरतो, आणि कोल्हापूर, सांगली, सोलापूर किंवा पुण्यातील ग्राहकाची पॉलिसी दोन दिवसांत तयार होते. प्रतिनिधी भेटला नाही, कागद दिसला नाही, लेखणी उचलली नाही. तरीही वीस-पंचवीस वर्षांचा करार झालेला असतो.

या नव्या पद्धतीला सरसकट दोष देणे योग्य ठरणार नाही. १९५६ साली आयुर्विमा महामंडळ स्थापन झाले, तेव्हापासून कित्येक दशके विम्याचा प्रस्ताव म्हणजे कागदांची चळत, छायाचित्रे, साक्षांकित प्रती आणि शाखेच्या फेऱ्या असे समीकरण होते. २०००च्या माहिती तंत्रज्ञान कायद्याने इलेक्ट्रॉनिक सहीला कायदेशीर मान्यता दिली. करोनाच्या साथीत, २०२० मध्ये, विमा नियामकाने प्रस्तावावरील प्रत्यक्ष सहीऐवजी ओटीपीद्वारे संमती घेण्याची मुभा दिली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये महामंडळाने आपल्या प्रतिनिधींसाठी ‘आनंदा’ हे अॅप आणले. १ एप्रिल २०२४ पासून तर पॉलिसी इलेक्ट्रॉनिक स्वरूपात देणे कंपन्यांना बंधनकारक झाले. यातून कागद हरवण्याचे भय गेले, वेळ वाचला आणि दूरच्या खेड्यातील ग्राहकालाही विमा सुलभ झाला. प्रामाणिक प्रतिनिधी दुबईत बसूनही ग्राहकाला व्हिडिओ कॉलवर प्रत्येक प्रश्न वाचून दाखवू शकतो, आणि समोरच्या खुर्चीत बसलेला बेफिकीर प्रतिनिधी एकही प्रश्न न विचारता अर्ज भरू शकतो. तेव्हा प्रतिनिधी कोणत्या देशात आहे, यापेक्षा प्रस्तावातील उत्तरे कोणाची आहेत, हा प्रश्न महत्त्वाचा आहे.

तथापि अंतराने एक गोष्ट निश्चितच हिरावली जाते, ती म्हणजे प्रतिनिधीची नजर. विमा व्यवसायात प्रतिनिधीला जोखमीचा पहिला परीक्षक मानतात. डॉक्टर व कंपनीचे अधिकारी पुढे येतात. माणसाला प्रत्यक्ष पाहणारा पहिला तोच. ग्राहकाची प्रकृती, सवयी, उत्पन्न यांविषयी जे कळले ते कंपनीला कळवणे हे प्रतिनिधीच्या आचारसंहितेतील कर्तव्य आहे. आयुर्विम्याच्या प्रस्तावासोबत त्याला स्वतःचा अहवाल द्यावा लागतो. ग्राहकाला तो किती दिवसांपासून ओळखतो, त्याची प्रकृती कशी वाटते, अशा गोष्टी त्यात येतात. सहा महिने परदेशी असलेल्या माणसाने हा अहवाल जुन्या आठवणीवर भरला, तर तो अहवाल म्हणजे नुसती औपचारिकता उरते. दरम्यानच्या काळात ग्राहकाला मधुमेह झाला असेल, रक्तदाबाची गोळी सुरू झाली असेल, छातीत दुखले म्हणून तपासण्या झाल्या असतील. समोर बसलेल्या प्रतिनिधीला टेबलावरची औषधाची डबी दिसते. अॅपला ती दिसत नाही.

चूक बहुधा कोठे होते, हे एका कल्पित उदाहरणावरून पाहता येईल. समजा, मार्चची अखेर आहे. कराच्या वजावटीसाठी ३१ तारखेच्या आत हप्ता भरायचा आहे. पुण्यात रात्रीचे साडेनऊ वाजले आहेत, दुकान वाढवण्याची वेळ झाली आहे. न्यू जर्सीत तेव्हा दुपारचे बारा असतात. तिकडून प्रतिनिधीचा फोन येतो, “शेठ, मागच्या पॉलिसीची सगळी माहिती माझ्याकडे आहेच. फॉर्म भरून ठेवला आहे. एक ओटीपी येईल, तेवढा सांगा.” शेठ सांगतात. पाच मिनिटांत दुसरा ओटीपी येतो, तोही सांगतात. पहिला आधारच्या पडताळणीचा असतो, दुसरा प्रस्तावातील सर्व उत्तरे आपलीच असून ती खरी आहेत, या घोषणेचा असतो. मधुमेह आहे काय, रक्तदाब आहे काय, यापूर्वी एखादा प्रस्ताव नाकारला गेला आहे काय, इतर कंपन्यांच्या पॉलिसी आहेत काय, या प्रश्नांपुढे ‘नाही’ असे आधीच टिचकावलेले असते. प्रतिनिधीच्या मनात कपट असेलच असे नाही. मागच्या वेळी उत्तर ‘नाही’ होते, म्हणून त्याने याही वेळी तेच ठेवले. मात्र मागची पॉलिसी आठ वर्षांपूर्वीची होती.

या ‘नाही’ची किंमत कायद्यात पुष्कळ मोठी आहे. १९३८च्या विमा कायद्याचे कलम ४५ हे प्रत्येक कुटुंबप्रमुखाला माहीत असावे असे कलम आहे. २०१५च्या दुरुस्तीनंतर त्याचा आशय असा आहे : पॉलिसी देणे, जोखीम सुरू होणे, बंद पडलेली पॉलिसी पुन्हा चालू होणे किंवा तिला एखादी जोड घेणे, यांपैकी जी तारीख शेवटची असेल तिच्यापासून ३ वर्षे पूर्ण झाल्यावर कोणत्याही कारणास्तव आयुर्विमा पॉलिसीवर आक्षेप घेता येत नाही. पहिल्या ३ वर्षांत मात्र फसवणूक झाली किंवा महत्त्वाची माहिती चुकीची दिली गेली वा दडवली गेली, या कारणावरून कंपनी दावा नाकारू शकते. फसवणुकीचा हेतू नसेल, तर भरलेले हप्ते ९० दिवसांत परत करावे लागतात. परंतु विम्याची रक्कम जाते. फसवणुकीचा आरोप असेल आणि विमेदार हयात नसेल, तर फसवणूक नव्हती हे सिद्ध करण्याचा भार लाभार्थ्यांवर येतो. ज्या स्त्रीने तो प्रस्ताव कधी पाहिलाच नाही, तिला पतीच्या पश्चात कंपनीपुढे आणि वेळ आली तर न्यायालयापुढे सांगावे लागते की, त्या उत्तरामागे लबाडी नव्हती.

“अर्ज प्रतिनिधीने भरला होता, त्यांना काही ठाऊक नव्हते,” हा बचाव अशा वेळी सर्वांच्या ओठी येतो. २०१९ साली सर्वोच्च न्यायालयापुढे एका मृत्यूदाव्यात असाच मुद्दा आला होता. विमेदाराने साधारण दोन महिने आधी दुसऱ्या कंपनीची पॉलिसी घेतली होती आणि नव्या प्रस्तावात ती नोंदवली नव्हती. ही माहिती महत्त्वाची होती, म्हणून दावा नाकारणे योग्य ठरते, असा निर्णय न्यायालयाने दिला. प्रस्तावावर सही करणारा मनुष्य, आपण तो न वाचता सही केली असे म्हणून सामान्यतः सुटू शकत नाही. प्रस्ताव भरून देताना प्रतिनिधी हा कंपनीचा नव्हे, तर ग्राहकाचा माणूस ठरतो, असा त्या निकालाचा रोख होता. ती पॉलिसी २००९ची होती. कलम ४५ मध्ये २०१५ साली घातलेल्या स्पष्टीकरणानुसार करार घडवून आणण्यापुरता प्रतिनिधी हा कंपनीचा प्रतिनिधी मानला जातो. त्यामुळे आज कुटुंबाला बाजू मांडण्यास काहीशी जागा आहे. पण न्यायालयात बाजू मांडता येणे आणि गरजेच्या वेळी रक्कम हाती पडणे, या दोन गोष्टींमधील अंतर व्यापाऱ्याला वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. विमा घेतला तो दुसरीसाठी, पहिलीसाठी नव्हे.

समाजातील विम्याचा व्यवहार पुष्कळदा नात्यातच होतो. प्रतिनिधी म्हणजे मावसभाऊ, साडू, नाहीतर मंदिरात रोज भेटणारे काका. एजन्सी एकाच्या नावावर आणि काम दुसऱ्याच्या हाती, हाही प्रकार सर्वांच्या परिचयाचा आहे. काका परदेशी गेले की त्यांच्या अॅपचा पासवर्ड भाच्याकडे किंवा कार्यालयातील मुलाकडे राहतो. ग्राहकाला वाटते, काकांनी फॉर्म भरला. प्रत्यक्षात तो अशा मुलाने भरलेला असतो, ज्याने ना विमा प्रतिनिधीची परीक्षा दिलेली असते, ना ग्राहकाला कधी पाहिलेले असते. येथे संकोच आड येतो. “काकांना प्रश्न विचारायचे म्हणजे अविश्वास दाखवणे,” असे वाटते. परंतु याच घराण्यांत सख्ख्या भावांमध्येही दिवाळीला खाती ताळून पाहिली जातात आणि त्यामुळे बंधुभाव कमी होत नाही. उलट हिशेब चोख असतो म्हणूनच एकत्र पेढी पिढ्यान् पिढ्या टिकते. जी रीत चोपडीला, तीच पॉलिसीला लावली तर कोणाचाही मान कमी होत नाही.

या प्रश्नाची दुसरी बाजू अशी की, कधी प्रतिनिधी गावात असतो आणि विमेदारच परदेशी असतो. मुलगा अँटवर्पला हिऱ्यांच्या व्यापारात किंवा दुबईला दुकानावर असतो. त्याचे भारतातील सिमकार्ड वडिलांच्या गल्ल्यात असते. त्याच्या जीवनावरील पॉलिसीचा प्रस्ताव घरबसल्या भरला जातो, ओटीपी वडिलांच्या हातातील फोनवर येतो आणि पत्ता गावाकडचा दिला जातो. वडिलांचा हेतू शुद्ध असतो, पण सही मात्र मुलाची नसते. शिवाय विमेदार कोणत्या देशात राहतो आणि कोणत्या देशात कर भरतो, हे प्रस्तावात विचारलेले असते. परदेशी राहणाऱ्या भारतीयाला भारतातील पॉलिसी घेता येते, त्यासाठीच्या अटी व कागदपत्रे तेवढी वेगळी असतात. जे सरळ मार्गाने मिळते, ते चुकीच्या पत्त्यावर घेऊन पुढे दाव्याच्या वेळी धोका का पत्करावा? मुलाने स्वतः, आपल्या फोनवर, आपला खरा पत्ता देऊन प्रस्ताव भरावा, हे केव्हाही चांगले.

जे नातेवाईक अमेरिकेत विमा प्रतिनिधीचे काम करतात, त्यांच्या बाबतीत तर सीमा अधिकच काटेकोर आहेत. तेथे १९४५च्या मॅकॅरन-फर्ग्युसन कायद्यान्वये विम्याचे नियमन प्रामुख्याने राज्यांकडे आहे. न्यू जर्सीचा परवाना असलेल्या प्रतिनिधीला टेक्सासमधील ग्राहकाला विमा विकायचा असेल, तर टेक्सासचाही परवाना लागतो. सही करताना ग्राहक कोणत्या राज्यात होता, याची नोंद अर्जात होते. असा प्रतिनिधी लग्नसराईत महिनाभर पुण्यात आला आणि येथून तिकडच्या ग्राहकाचा अर्ज भरू लागला, तर कंपनीची परवानगी आहे की नाही, हे त्याने आधी लेखी विचारून घेतले पाहिजे. देशाबाहेरून आपली संगणकप्रणाली वापरू न देणाऱ्या कंपन्या तेथे आहेत. तसेच तिकडचा परवाना इकडे चालत नाही. सुटीवर आलेल्या भाच्याने अमेरिकेतील एखादी योजना येथील नातेवाइकांना सुचवली, तर जिव्हाळा मान्य करूनही व्यवहार नाकारावा.

मग कुटुंबाने नेमके काय करावे? पहिली गोष्ट, भरलेला प्रस्ताव पूर्ण वाचल्याशिवाय ओटीपी देऊ नये. प्रतिनिधीने प्रस्तावाची पीडीएफ प्रत आधी पाठवावी, असा आग्रह धरावा. प्रत आली नाही तर ओटीपीही नाही, इतका साधा नियम घरात असावा. प्रकृतीविषयीचे प्रश्न पती-पत्नीने एकत्र बसून वाचावेत, कारण गोळ्यांची नावे बहुधा पत्नीलाच पाठ असतात. ओटीपी शक्यतो सांगू नये. कंपनीकडून थेट आलेला दुवा उघडून स्वतःच भरावा. प्रस्तावातील मोबाइल क्रमांक व ई-मेल विमेदाराचाच आहे ना, हे पाहावे. काही प्रतिनिधी सोयीसाठी स्वतःचा ई-मेल घालतात, आणि मग पॉलिसी, सूचना, हप्त्याची आठवण, सारे काही त्यांच्याकडेच जाते.

दुसरी गोष्ट हप्त्याची. रक्कम प्रतिनिधीच्या वा त्याच्या मुलाच्या खात्यावर कधीही पाठवू नये. ती थेट कंपनीलाच द्यावी. १ मार्च २०२५ पासून ‘बीमा-अस्बा’ ही सोय सुरू झाली आहे. तिच्यात यूपीआयद्वारे हप्त्याची रक्कम ग्राहकाच्याच खात्यात राखून ठेवली जाते आणि कंपनीने प्रस्ताव स्वीकारल्यावरच ती वळती होते. प्रस्ताव नाकारला तर रक्कम पुन्हा मोकळी होते. कंपनीचा पडताळणीचा फोन आला, तर प्रतिनिधीने शिकवल्याप्रमाणे ‘हो, हो’ म्हणू नये. त्या संभाषणाची नोंद राहते आणि पुढे ती पुरावा ठरते.

तिसरी गोष्ट, पॉलिसी हाती आल्यावर ती उघडून पाहावी. आयुर्विम्याची, तसेच एक वर्ष वा त्याहून अधिक मुदतीची वैयक्तिक आरोग्य पॉलिसी मिळाल्यापासून ३० दिवसांच्या आत ती परत करता येते. तेवढ्या काळातील जोखमीचा आकार, वैद्यकीय तपासणीचा खर्च व मुद्रांक शुल्क वजा करून उरलेली रक्कम परत मिळते. पॉलिसीसोबत प्रस्तावाची प्रतही पाहावी. तीत एखादे उत्तर चुकीचे आढळले, तर लगेच कंपनीला लेखी कळवावे आणि पोच घ्यावी. फार तर हप्ता थोडा वाढेल किंवा कंपनी नव्या अटी घालेल. दाव्याच्या वेळी चूक उघडकीस येण्यापेक्षा ते केव्हाही परवडते. ज्यांच्या जुन्या पॉलिसी अशा घाईत झाल्या आहेत, त्यांनीही हा पत्रव्यवहार करण्यास लाजू नये.

चौथी गोष्ट, प्रतिनिधी परदेशी असताना नियमित सेवा कोण देणार, हे आधी विचारून ठेवावे. वार्षिक, सहामाही व तिमाही हप्त्याला सवलतीचे ३० दिवस आणि मासिक हप्त्याला १५ दिवस मिळतात. त्यानंतर पॉलिसी बंद पडते, आणि ती पुन्हा चालू केली तर कलम ४५ची ३ वर्षेही नव्याने मोजली जातात. पॉलिसींचे क्रमांक, कंपनी, शाखा, नॉमिनीचे नाव यांची एक यादी घरातील दोन माणसांना ठाऊक असावी. इतके करूनही तक्रारीची वेळ आलीच, तर प्रथम कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी जावे. नियामकाच्या ‘बीमा भरोसा’ या संकेतस्थळावर किंवा १५५२५५ या क्रमांकावरही तक्रार नोंदवता येते. कंपनीने तक्रार फेटाळली किंवा महिनाभरात उत्तर दिले नाही, तर वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जाता येते. मुंबई व पुणे येथे लोकपालांची कार्यालये आहेत. तेथे शुल्क नाही, वकीलही लागत नाही, आणि ५० लाख रुपयांपर्यंतचे निवाडे देण्याचा त्यांना अधिकार आहे.

समाजात विमा प्रतिनिधींची संख्याही थोडी नाही, आणि त्यांच्यासाठीही या विषयात विचार करण्यासारखे आहे. मुलांकडे परदेशी राहणे हा त्यांचा आनंद आहे, आणि तेथून धंदा सांभाळणे यात गैर काही नाही. परंतु पासवर्ड दुसऱ्याच्या हाती देणे, न पाहिलेल्या माणसाला पाहिले असे लिहिणे, ग्राहकाच्या वतीने स्वतः ‘नाही’वर टिचकी मारणे, हे धंद्याच्या मुळावर घाव घालणे आहे. प्रतिनिधीला दरवर्षी कमिशन मिळते ते त्याच्या वचनाबद्दल. अडीअडचणीत दारी उभे राहण्याचे ते वचन असते. ज्या घरातील कर्ता गेला, त्या घरी पुढे कधीतरी भेटीला जावेच लागते. त्या दिवशी त्या माउलीच्या नजरेला नजर देता यावी, एवढी काळजी फॉर्म भरताना घेतली, तरी पुष्कळ झाले.

पूर्वजांनी शाख मिळवली ती सही जपून. आता लेखणीच्या जागी सहा आकडे आले आहेत आणि ते काही मिनिटांतच निकामी होतात. त्यांनी बांधलेला करार मात्र घरातील कर्त्याच्या पश्चातही उरतो. तेव्हा ते आकडे उच्चारण्यापूर्वी दहा मिनिटे काढून प्रस्ताव वाचावा. दुकान दहा मिनिटे उशिरा बंद झाले तरी चालते.